नॉर्मलची बाटली

लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले तेव्हा माझ्याकडे भौतिकशास्त्राची पदवी, अकरा साड्या आणि प्रत्येक गोष्टीत दुरुस्ती सुचवायची सवय एवढा ऐवज होता. साड्यांचं सासरी कौतुक झालं. पदवीचं काय करायचं ते कुणालाच कळेना, मलासुद्धा. शेवटी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली. हा कारखाना चष्म्याच्या काचांवर आणि दुर्बिणींच्या भिंगांवर पातळ थर चढवायचा आणि ते काम तो बऱ्यापैकी करायचा. पण ती नव्वदची वर्षं होती, देशात सगळ्यांनाच एकदम काहीतरी मोठं करायचं होतं. आमचे मालक परदेशातलं एक प्रदर्शन बघून आले आणि त्यांनी जाहीर केलं की यापुढे आपण माणसाच्या शरीरातली प्रथिनं ओळखणार. चष्म्यावरून थेट प्रथिनांवर. मधे दम खायलासुद्धा थांबले नाहीत.

कल्पना खरं तर सुंदर होती, आणि आमच्या हाती पडूनही ती बरीचशी सुंदर राहिली. काचेच्या पट्टीवर सोन्याचा थर चढवायचा, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याइतका. त्या सोन्यावर प्रतिपिंडं बसवायची. प्रतिपिंड म्हणजे एकाच प्रथिनाला ओळखणारा आणि बाकी कुणाला दारात उभं न करणारा रखवालदार. आमचा रखवालदार अल्ब्युमिन ओळखायचा. काचेच्या मागून लेझरचा किरण सोडायचा. सोन्यावर अल्ब्युमिन येऊन चिकटलं की परतणाऱ्या किरणाचा कोन किंचित सरकायचा, आणि तो किती सरकला त्यावरून अल्ब्युमिन किती आहे ते कळायचं. धडधाकट माणसाच्या लघवीत अल्ब्युमिन जवळजवळ नसतंच. मूत्रपिंडाची गाळणी फाटायला लागली की ते झिरपू लागतं, माणसाला कसलाही त्रास जाणवायच्या कितीतरी आधी. म्हणजे आमचं उपकरण नीट चाललं तर मूत्रपिंड बिघडतंय ही बातमी त्या मूत्रपिंडाच्या मालकाच्याही आधी आम्हाला कळणार होती.

तशी ती कळलीही. दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा कळत होती. ही गोष्ट एका माणसाच्या मूत्रपिंडांची आहे. आम्ही ती दीड वर्ष एका काचेची समजत होतो.

आमच्या विभागाचे मुख्य शास्त्रज्ञ होते, त्यांना सगळे साहेब म्हणायचे. परदेशात दोन वर्षं राहून आले होते आणि ती दोन वर्षं त्यांना रोज आठवायची. त्यांचा नियम असा, की आजारी माणसाचं मोजण्याआधी निरोगी माणसाचं शून्य दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी एक ‘नॉर्मल’ माणूस हवा. पन्नाशीच्या पुढचा, कारण पुढे रुग्णही त्याच वयाचे असणार. कसलाही आजार नसलेला. आणि प्रत्येक वेळी तोच, म्हणजे आज एक उद्या दुसरा असा गोंधळ नको. साहेब स्वतः एकोणपन्नास वर्षांचे होते. एका वर्षाने हुकलं, असं ते फार हळहळून म्हणाले. काचेवर सोन्याचा थर चढवणारे आमचे मेस्त्री अठ्ठावन्नचे होते, पण त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती. मग साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुमच्या घरी कोणी आहे का? फिट अँड फाइन?”

मी क्षणभरही विचार न करता म्हटलं, “माझे सासरे.”

सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणायचे, म्हणून मीही अण्णाच म्हणायचे. यशवंतपूरच्या बाजारात त्यांचं गुळाचं ठोक दुकान होतं. तीन पिढ्यांपूर्वी हे घराणं साताऱ्याकडून इकडे आलं, आणि त्यांच्या मराठीत तेव्हापासून इतकं कानडी मुरलं होतं की पहिले सहा महिने मी निम्म्या वाक्यांना नुसती मान हलवत होते. अण्णा एकसष्ट वर्षांचे, उंचेपुरे. जन्मात डॉक्टरची पायरी चढलो नाही हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सांगायचे. आता वाटतं, जो माणूस कधी डॉक्टरकडे गेलाच नाही त्याला आजार नाही असं म्हणणं म्हणजे पेपरच न दिलेल्या मुलाला नापास झाला नाही म्हणून पेढे वाटण्यासारखं आहे. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. साहेबांनाही नाही, आणि ते तर परदेशात राहून आलेले.

सुनेनं सासऱ्याकडे काय काय मागावं याचे जे काही संकेत आहेत त्यांत ही वस्तू कुठेच बसत नव्हती. म्हणून मी सासूबाईंना मधे घातलं. त्यांना सगळे अक्का म्हणायचे. अक्का डाळ निवडत होत्या. ऐकून त्यांचा हात थांबला.

“अण्णांचं? बाटलीत?”

“हो.”

“आणि तू ते बसमधून घेऊन जाणार? बोम्मसंद्र्यापर्यंत?”

“हो, अक्का.”

“हौदा?” त्या म्हणाल्या, म्हणजे ‘असं का?’. या एका शब्दात त्यांनी माझं शिक्षण, माझी नोकरी आणि पुणे शहर अशा तिन्ही गोष्टी निकालात काढल्या. मग त्यांनी अटी घातल्या. बाटली स्वयंपाकघराच्या वाटेला आणायची नाही. डब्याच्या पिशवीत ठेवायची नाही. अण्णा ती मोरीच्या खिडकीत ठेवतील, मी तिथून उचलायची. देणंघेणं हातोहात करायचं नाही. आणि संध्याकाळी आले की आधी हातपाय धुवायचे.

अण्णांना मात्र लाजबीज काही वाटली नाही. “पूर्ण बंगळूरात माझंच घेतलं?” त्यांनी विचारलं. बंगळूरमधल्या इतर कुणाला विचारलेलंच नाही, हे सांगणं माझं कर्तव्य होतं. मी म्हटलं, “हो, अण्णा.” दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजाराला कळलं की अण्णांचं सायन्सवाल्यांनी निवडलं आहे. शेजारच्या चिंचवाल्यानं तर त्याचंही घेता येईल का म्हणून विचारलं. अण्णा म्हणाले, “बेडा, नको. त्यांना नॉर्मल पाहिजे.”

तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी मोरीच्या खिडकीत तपकिरी काचेची बाटली असायची. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेली चिठ्ठी: नॉर्मल. यशवंतपूरहून मॅजेस्टिक, मॅजेस्टिकहून होसूर रोडनं बोम्मसंद्रा, असा दोन बसचा दोन तासांचा प्रवास ती माझ्या मांडीवर बसून करायची. कधी गर्दीत एखादी बाई विचारायची, औषध आहे का? मी हो म्हणायचे.

अण्णा माझ्या उपकरणाची यथेच्छ थट्टा करायचे, कारण त्यांच्याकडे त्याहून चांगलं उपकरण होतं. मंड्याहून गुळाची गाडी आली की ते ढेपेचा कोपरा फोडून जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे: अमुक गावचा, रसात चुना स्वल्प जास्त पडलाय, काहील नीट घासलेली नव्हती. ते कधी चुकलेले मी पाहिले नाहीत. दुसरे व्यापारी चाखून थुंकायचे. अण्णा गिळायचे. अन्न थुंकू नये अशी त्यांच्या वडिलांची शिकवण होती, त्यामुळे दिवसाकाठी वीस-पंचवीस गाड्यांचा गूळ शिकवणीप्रमाणे पोटात जायचा. “तुझ्या मशीनला किती वेळ लागतो?” ते विचारायचे. “चाळीस मिनिटं,” मी म्हणायचे. “मला पंधरा सेकंदं. आणि सोनं पण नाही लागत.”

गुळाच्या घरात मुंग्या असायच्याच. दुकानातून येणाऱ्या धोतराला गूळ, पिशवीला गूळ, उंबऱ्याला गूळ. अक्का स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत हळद टाकायच्या. मी आल्यावर काही महिन्यांनी मोरीतही मुंग्या यायला लागल्या म्हणून त्यांनी तिथेही हळद टाकली. बाटलीभोवतीही मुंग्यांची रांग असायची. मी दर वेळी ती रांग फडक्यानं झटकायचे, बाटली पुसायचे, पिशवीत घालायचे आणि सूक्ष्म मोजमाप करायला निघायचे.

त्या घराची आणखी एक रीत सांगायला हवी. तिथून कुणाचंही भांडं रिकामं परत जात नसे. शेजारणीनं वाटीतून चटणी दिली तर वाटी परत जाताना तिच्यात काहीतरी हवंच. काही नसलं तर गुळाचा खडा. रिकामं भांडं पाठवणं म्हणजे त्या घराला दरिद्री म्हणण्यासारखं, असं अक्कांचं मत होतं. मला ही रीत आवडायची. तिनंच पुढे आमचं सगळं विज्ञान उघडं पाडलं.

आता शून्याविषयी. पहिल्या महिन्यात अण्णांच्या बाटलीचा आकडा शून्याच्या जरा वर आला. साहेब म्हणाले, चालेल. तिसऱ्या महिन्यात तो आणखी वर गेला. साहेब म्हणाले, फिल्म खराब आहे. सोन्यावर कुठेतरी उघडी जागा राहत असणार, तिथे लघवीतलं नको ते सगळं येऊन चिकटतंय, आणि आपण त्यालाच अल्ब्युमिन समजतोय. हा तर्क बरोबर होता. असं होतं. पातळ थरांच्या धंद्यात असंच जास्त वेळा होतं. त्यामुळे आम्ही तो तर्क इतक्या घट्ट पकडला की त्याच्या बाहेर काही असू शकतं हे कुणाच्या मनातही आलं नाही.

सगळा राग मेस्त्रींवर निघाला. मेस्त्री कोलारकडचे, पंचवीस वर्षं हेच काम करत आलेले. मोठ्या काचेच्या घुमटाखालची हवा पंपानं काढून टाकायची, आत सोन्याची बारीक तार तापवून तिची वाफ करायची आणि ती वाफ पट्ट्यांवर बसू द्यायची. मधे वीज गेली की पंप बंद पडायचा आणि सगळं पहिल्यापासून. त्या वर्षांतल्या बंगळूरमध्ये वीज किती जायची ते आठवणाऱ्यांना आठवत असेल. मेस्त्री एका शब्दानं कुरकुरायचे नाहीत. पट्ट्या पुन्हा धुवायचे, पुन्हा वाळवायचे, पुन्हा थर चढवायचे. थर आरशासारखा यायचा. मी त्याच्यावर अण्णांचं शून्य शोधायचे, ते सापडायचं नाही, आणि मी वहीत लिहायचे: ‘फिल्मचा दोष’. साहेब त्याखाली सही करायचे. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मला शाळेपासून पाठ होती. इथे तर नाच अगदी बरोबर चालला होता आणि अंगणही सरळ होतं. बघणाऱ्यांचेच डोळे तिरळे.

एकदा मेस्त्री मला हळूच म्हणाले, “मॅडम, आमच्या ऊरात, म्हणजे गावात, एक म्हातारा कंपाउंडर होता. तो नळीत घेऊन उकळायचा. आजारी असला तर अंड्यासारखं पांढरं होतं. एकदा उकळून बघा की.”

मी साहेबांना सांगितलं. साहेब हसले. “आपण एकविसाव्या शतकात जायचं की कंपाउंडरच्या?” मीही हसले. मला हसायचं काही कारण नव्हतं, पण साहेब हसले की हसायचं अशी आमच्या विभागाची पद्धत होती.

घरात काय दिसत होतं ते आता एका दमात सांगते, म्हणजे लाज एकदाच वाटेल. अण्णा रात्रीच्या जेवणाला दोन तांबे पाणी प्यायचे. बाटली मागितली की क्षणात भरून तयार, याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी एका वर्षात दोनदा चपला बदलल्या, कारण हल्लीचं चामडं आकसतं. चामडं आकसत नव्हतं, पाय सुजत होते. आणि बाटलीत फेस यायला लागला होता. बोम्मसंद्र्याला पोचून मी बाटली टेबलावर ठेवली की वर पांढरा फेस असायचा, बराच वेळ न विरणारा. प्रथिनं असली की फेस येतो हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. पण होसूर रोडवरचे खड्डे मला पुस्तकापेक्षा जास्त ओळखीचे होते. वहीत मी नोंद केली: ‘प्रवासात हिंदकळल्यामुळे फेस.’ खाली साहेबांची सही.

दीड वर्षानं मालकांचा धीर सुटला. महिनाभरात शून्य दाखवा, नाहीतर हा विभाग बंद, असा निरोप आला. साहेबांचा चेहरा उतरला. मला पुन्हा चष्म्याच्या काचा मोजायला बसवतील या भीतीनं माझीही झोप उडाली. मेस्त्रींनी पट्ट्या धुवायची एक नवी तऱ्हा काढली आणि चार पट्ट्या तयार करून दिल्या. म्हणाले, “मॅडम, यापेक्षा चांगलं मला येत नाही.”

त्या आठवड्यात अण्णा गुळाच्या खरेदीसाठी मंड्याला गेले होते. मला ते बुधवारी निघाल्याचं माहीत होतं, पण रात्री उशिरा परतले असतील असं मी धरून चालले होते. गुरुवारी मोरीच्या खिडकीत बाटली होती, भरलेली. मी ती उचलली. मुंग्या नव्हत्या. तेही माझ्या ध्यानात आलं. मी मनात म्हटलं, अक्कांची हळद लागू पडली.

त्या दिवशी आकडा शून्य आला.

मी पट्टी बदलून पुन्हा पाहिलं. शून्य. चारही पट्ट्यांवर शून्य. साहेबांनी मला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसले, स्वतः पाहिलं, आणि मग मेस्त्रींचा हात हातात घेऊन तो इतका वेळ हलवला की मेस्त्री घाबरले. मालकांना फोन झाला. मैसूरपाक आला. साहेबांनी तासाभरात एका परिषदेसाठी निबंधाचा सारांश लिहून काढला. त्यात धुण्याच्या नव्या पद्धतीचं श्रेय ‘आम्ही’ या शब्दाला दिलं होतं, आणि त्या ‘आम्ही’त मेस्त्री नव्हते. मैसूरपाकाचा एक पुडा मी घरी आणला, खास अण्णांसाठी. तेच आमचे नॉर्मल.

दारात अक्का होत्या. मी त्यांना वाकून नमस्कार केला, पुडा हातात दिला आणि म्हटलं, “अक्का, झालं! आज शून्य आलं. अण्णा कुठेत?”

“ते उद्या येतात.” अक्का पुड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा लाल झाला. “अगं, तू रागवणार नाहीस ना? ते येतो म्हणाले आणि आले नाहीत. तुझी बाटली तशीच राहिली. रिकामी कशी पाठवायची ऑफिसात? काय म्हणतील लोक? मग मी... आम्ही दोघं एकच भात खातो, मी म्हटलं काय फरक पडतो.”

मी उंबऱ्यावरच बसले. त्यांना वाटलं मी चिडले. त्या सांगत होत्या की बाटली नीट गरम पाण्यानं धुतली होती, हात पण धुतले होते. मी काहीच ऐकत नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे आमची वही उघडली होती. दीड वर्षाचे आकडे, एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे माझंच अक्षर. तो आलेख मी स्वतः काढून भिंतीवर लावला होता. त्याची रेघ सतत वर जात होती. घाणेरडी फिल्म कधी कमी घाण असते, कधी जास्त. तिची रेघ वेडीवाकडी असायला हवी. आमची रेघ एकाच दिशेनं, न चुकता, दर महिन्याला थोडी थोडी वर चढत गेली होती. काचेला असा नेम नसतो. आजाराला असतो.

“अक्का,” मी विचारलं, “मोरीतल्या मुंग्या केव्हापासून आहेत?”

“गुळाचं घर हे,” त्या म्हणाल्या. मग थांबल्या. “मोरीत पहिल्यांदा नव्हत्या.” आणि मोरीच्या खिडकीशी गेल्या.

अण्णा शुक्रवारी आले. शनिवारी सुट्टी होती. मी कारण न सांगता त्यांच्याकडून एक जादा बाटली मागून घेतली, तिच्यातलं थोडं एका नळीत घेतलं आणि कारखान्यातून आणलेल्या दिव्यावर, परसात उकळलं. मिनिटभरात ते दुधाळ झालं, मग अंड्याच्या पांढऱ्यासारखं दाट. आता प्रमाण इतकं वाढलं होतं की कंपाउंडरच्या नळीलाही दिसलं. दीड वर्षापूर्वी ते नळीला दिसलं नसतं. तेव्हा ते फक्त आमच्या सोन्याच्या पट्टीला दिसत होतं. साऱ्या शहरात अण्णांचं दुखणं वेळेवर ओळखू शकेल अशी एकच जागा होती, आणि तिथे मी बसले होते.

डॉक्टरांनी अण्णांचं रक्त तपासलं, आणि निकाल ऐकायला मी आणि माझा नवरा दोघंच गेलो. साखर इतकी, की त्यांनी आकडा दोनदा वाचला. मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेलेली. “केव्हापासून असेल?” ते स्वतःशीच पुटपुटले. मी कारखान्याच्या भिंतीवरून उतरवून आणलेला आलेख पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर पसरला. त्यांनी चष्मा चढवला, रेघेवरून बोट फिरवलं, वरच्या टोकाला थांबले आणि माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“नाही,” मी म्हटलं. “आम्ही मोजत होतो.”

दीड वर्ष आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, एवढं आम्ही निघालो तेव्हा ते माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले. मला ते ऐकू आलं.

अण्णांना सांगायचं काम मी माझ्याकडे घेतलं. ते दुकानात गादीवर बसले होते, पुढ्यात नुकती फोडलेली ढेप. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. गूळ बंद, चाखणंसुद्धा बंद, हे ऐकताना त्यांनी हातातला खडा परत ढेपेवर ठेवला, अगदी जिथून काढला होता तिथे.

“म्हणजे मी नॉर्मल नव्हतोच?”

“नाही, अण्णा.”

“बाजारात सगळ्यांना सांगितलं मी,” ते म्हणाले. त्यांना खरोखर लाज वाटली होती. आणि मला तिथेच, गुळाच्या पोत्यांमधे, रडू फुटलं. मी म्हटलं, चूक माझी आहे, दर आठवड्याला मशीन सांगत होतं आणि मी ऐकलं नाही. त्यांनी पुढ्यातली ढेप बाजूला सारली.

“मशीन बरोबर सांगत होतं?”

“हो.”

“पहिल्या दिवसापासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग चांगलं बनवलंस की,” अण्णा म्हणाले. “सरी, ठीक आहे. आता रडू नको, गिऱ्हाईक येतंय.”

सोमवारी मी मेस्त्रींकडे गेले. दीड वर्ष मी त्यांच्या कामाला खराब म्हणत आले होते आणि त्यांची एकही पट्टी खराब नव्हती, हे त्यांना सांगितलं आणि माफी मागितली. त्यांनी पंप बंद केला. “पट्टीचं राहू द्या, मॅडम,” ते म्हणाले. “सासऱ्यांचं कसं आहे?” साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “परिषदेचा सारांश मागे घ्यावा लागेल का?” मग त्यांनाही ओशाळल्यासारखं झालं असावं, कारण त्यांनी खिडकी उघडली आणि बराच वेळ ती लावेनात. प्रयोगाच्या वहीत काही खोडायचं नाही असा नियम असतो. चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारायची, ती वाचता आली पाहिजे, आणि शेजारी सही करायची. ‘फिल्मचा दोष’ या शब्दांवर मी एक अख्खी दुपार रेघा मारत होते. साहेब प्रत्येक रेघेखाली सही करत होते. विभाग बंद झाला नाही. उपकरण खरं निघालं होतं, मालक खूश होते, आणि आमचा विभाग वाचवणारा आलेख अण्णांचा होता.

अण्णांची औषधं सुरू झाली. गूळ सुटला, साखर उतरली. बाटली द्यायची मात्र त्यांनी सोडली नाही. आता गरज नाही असं मी म्हटलं तर म्हणाले, “मधेच सोडू नये.” चिठ्ठी मात्र बदलू दिली नाही. मी नवी लिहून लावली तर त्यांनी ती सोलून काढली आणि जुनी गोंदानं पुन्हा चिकटवली.

तीन-चार महिन्यांनंतरचा एक सोमवार. मी मोरीकडे निघाले तर अक्का मागून आल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

“बघ,” त्यांनी खिडकीकडे बोट केलं. “एक पण मुंगी नाही. आठ दिवस झाले, मी मोजते रोज.”

पलीकडच्या खोलीतून अण्णा ओरडले, “सांग तिला! झालो की नाही नॉर्मल?”

मुंग्यांना साखर कळते. प्रथिन त्यांना कळत नाही. मी म्हटलं, “झालात, अण्णा,” आणि बाटली उचलली. वरती पांढरा फेस होता, गळ्यापर्यंत. मी अजून घराबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं, आणि बसला वीस मिनिटं होती.